बुडबुडे श्रावणात, ठिणग्या पौषात

आमच्या बालविज्ञान केंद्रात महिन्यातला एक रविवार घरच्या सगळ्यांसाठी राखून ठेवलेला असतो. मुलाबरोबर आई, बाबा, आजी, मामा, जो मोकळा असेल तो येतो आणि टेबलाशी बसतो. भिंतीकडेची उपकरणं वर्षभर तीच, हाताने करायचा प्रयोग मात्र दर महिन्याला वेगळा. वर्षाची आखणी जूनमध्ये शाळा उघडताना होते आणि तेव्हा पहिला प्रश्न पुण्याच्या हवेचा असतो. कुठल्या इयत्तेला काय झेपेल हे नंतर बघता येतं. चुकीच्या महिन्यात लावलेला प्रयोग कितीही सोपा असला तरी टेबलावर चालत नाही, आणि न चाललेल्या प्रयोगाबद्दल आजोबांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं देत बसणं हे फार अवघड काम आहे.

साबणाचा पडदा हे याचं सगळ्यात ठळक उदाहरण. उपकरण साधं आहे. एक लांबट उथळ ट्रे, त्यात बुडालेली आडवी दांडी, दोन्ही बाजूंना वरून खाली ताणलेल्या दोऱ्या आणि छताला कप्पी. कप्पीवरची दोरी सावकाश ओढली की दांडी वर येते आणि तिच्याखाली साबणाचा पडदा ताणला जातो. एप्रिलच्या दुपारी हा पडदा मुलाच्या गुडघ्यापर्यंत पोचायच्या आत फुटतो. तेच द्रावण, तीच दांडी, तोच ट्रे. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र पडदा छातीपर्यंत येतो आणि थांबतो. कोरड्या हवेत पडद्यातलं पाणी भराभर उडून जातं, पावसाळ्यात ते टिकतं. म्हणून बुडबुड्यांचा रविवार श्रावणाच्या आसपास.

द्रावणाचं प्रमाण एका कुटुंबाला १ लिटर धरावं: पाणी १ लिटर, भांडी घासायचं द्रव ५० मिली, ग्लिसरीन २० मिली, ग्वारगम (गवारीच्या बियांची, द्रावण दाट करणारी पूड) २ ग्रॅम, बेकिंग पावडर २ ग्रॅम. क्रम महत्त्वाचा आहे. ग्वारगम थेट पाण्यात टाकला तर पिठल्यात होतात तशा गुठळ्या होतात आणि मग त्या काही केल्या मोडत नाहीत. आधी ग्लिसरीनमध्ये ग्वारगम नीट कालवायचा, मग तो कोमट पाण्यात हळूहळू सोडत ढवळायचा, पाच-दहा मिनिटं तसाच ठेवायचा, नंतर बेकिंग पावडर आणि शेवटी साबण. साबण टाकल्यावर रवी, ब्लेंडर वगैरे काही लावायचं नाही. डावाने हलक्या हाताने फिरवायचं. फेस झाला तर तो काढून टाकायचा, कारण पडदा फेसाच्या कडेपाशी पहिल्यांदा फाटतो. द्रावण आदल्या रात्रीच करून ठेवलेलं चांगलं. सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येत असेल तर ते जड असतं, त्यात पडदा कमकुवत होतो. आरओ गाळण यंत्रातून आलेलं पाणी वापरावं.

बाजूच्या दोऱ्या जाड सुती हव्यात. नायलॉनच्या दोरीवर द्रावण टिकत नाही, ओघळून जातं, आणि पडद्याला कडेने पाणी मिळत नाही. दांडी उचलण्याआधी दोऱ्या वरपर्यंत द्रावणाने ओल्या केल्या आहेत का हे बघायचं. हात घालून बघायचा असेल तर हात आधी ट्रेमध्ये बुडवायचा. ओला हात पडद्यातून आरपार जातो, कोरडं बोट लागलं की संपलं. आणि फरशी! ओल्या शहाबादीवर साबण पडला की मोठी माणसं आधी घसरतात, मुलं नंतर. टेबलाभोवती गोणपाट अंथरावं, दर अर्ध्या तासाने ते बदलावं.

पडदा उभा राहिला की त्याच्याकडे एकटक बघायला सांगावं. आधी आडवे रंगीत पट्टे दिसतात, गुलाबी, हिरवे, पुन्हा गुलाबी. पाणी खाली उतरत जातं तसे पट्टे खाली सरकतात. मग सगळ्यात वरचा भाग पांढुरका होतो आणि त्याच्याही वर एक काळी पट्टी उगवते. ती भोकासारखी दिसते, पण तिथे पडदा असतो. तो इतका पातळ झालेला असतो की पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागांवरून परतलेला प्रकाश एकमेकांना रद्द करतो. मागे काळं कापड लावलं आणि दिवा समोरून दिला तरच हे दिसतं. ट्यूबलाइट डोक्यावर असेल तर रंग फिके पडतात आणि काळी पट्टी कोणाच्या लक्षातही येत नाही. एकदा ती कळली की सहा वर्षांचं मूलही मोठ्यांना सांगतं, "आता फुटणार बघ."

स्थितिक विद्युत याच्या अगदी उलट. ती पौषात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत. पावसाळ्यात प्रत्येक पृष्ठभागावर ओलाव्याचा पातळ थर बसतो आणि घासून जमा केलेला प्रभार त्यावरून निघून जातो. हेअर ड्रायरने पाइप आणि कापड तापवून वेळ मारून नेता येते, पण दहा मिनिटांपुरतीच. थंडीत काही करावं लागत नाही. दीड फूट पीव्हीसी पाइप आणि लोकरीचं कापड पुरतं; सकाळच्या तुकडीत निम्म्या आजोबांच्या डोक्यावर कानटोपी असते, तिचाही उपयोग होतो.

टेबलावरचा प्रयोग तरंगत्या कड्याचा. ड्रायक्लीन होऊन आलेल्या कपड्यांवरचं अगदी पातळ प्लॅस्टिकचं आवरण घ्यायचं आणि त्यातून २ ते ३ सेंटिमीटर रुंदीचं कडं कापायचं. पूर्वी भाजीची पातळ पिशवी वापरत. २०१८ सालच्या प्लॅस्टिकबंदीनंतर ती मागायची सोय राहिली नाही, आणि तसंही हे आवरण जास्त पातळ असतं. कडं टेबलावर पसरून लोकरीने घासायचं, पाइपही त्याच लोकरीने घासायचा. मग कडं हवेत सोडून पाइप खालून आणायचा. दोघांवर सारखाच प्रभार असल्यामुळे कडं ढकललं जातं आणि तरंगतं. इथे बिघडण्याच्या जागा तीन. कडं जाड प्लॅस्टिकचं असेल तर वजनाने खाली येतं. कडं सोडताना बोटाला चिकटतं, कारण बोट त्याला ओढून घेतं. ते झटकून सोडायला शिकावं लागतं. तिसरी जागा म्हणजे घामेजलेला हात. मुलं उत्साहात पाइप मधोमध पकडतात आणि घासलेल्या भागावरूनच हात फिरवतात. पाइपच्या एका टोकाला चिकटपट्टीचं वेटोळं करून द्यावं आणि "इथेच धर" म्हणावं.

कुटुंबाने मिळून करायच्या प्रयोगांत आमच्या मते लंबकांच्या लाटेला तोड नाही. हवेशी तिचं फारसं वैर नाही, त्यामुळे ती कुठल्याही महिन्यात बसते. पंधरा कुटुंबं, प्रत्येकाचा एक लंबक, सगळे एकाच चौकटीला टांगलेले. सर्वांत लांब लंबकाने एका मिनिटात ५१ झोके घ्यायचे, त्याच्या शेजारच्याने ५२, असं करत पंधराव्याने ६५. सगळे एकदम सोडले की आधी नागमोडी लाट धावते, मग गोंधळ वाटतो, ३० व्या सेकंदाला एकाआड एक लंबक समोरासमोर दोन रांगांत उभे राहिल्यासारखे दिसतात, आणि ६० व्या सेकंदाला पुन्हा एकच रांग.

लांबी अशी येते: पहिल्याची ३४.३ सेंटिमीटर, दुसऱ्याची ३३.०, आणि शेवटच्याची २१.१. शेजाऱ्याशेजाऱ्यांतला फरक सुरुवातीला १.३ सेंटिमीटर असतो, शेवटाकडे ०.७ पर्यंत उतरतो. ज्यांना बाकीच्या काढायच्या आहेत त्यांनी ६० ला झोक्यांच्या संख्येने भागावं, आलेल्या उत्तराला ६.२८३ ने भागावं, त्याचा वर्ग करावा आणि ९७८ ने गुणावं. लांबी सेंटिमीटरमध्ये मिळते. नववीतली ताई किंवा दादा बरोबर असेल तर हे काम त्यांच्याकडे.

चौकटीला वर दोन समांतर पट्ट्या, १२ सेंटिमीटर अंतरावर. लंबक एकाच दोऱ्याने टांगला तर तो तिरका फिरत शेजाऱ्यावर आपटतो. म्हणून दोरा एका पट्टीवरून खाली येऊन, नटच्या भोकातून जाऊन, दुसऱ्या पट्टीवर चढवायचा. नट पुण्याच्या बोहरी आळीत किलोवर मिळतात. दोरा म्हणजे मासेमारीची तंगूस. सुती दोरा इथे चालत नाही, ओलाव्याने त्याची लांबी बदलते. पट्टीवर तंगुशीला गाठ मारण्याऐवजी बाइंडर क्लिप लावावी, म्हणजे मिलिमीटरने वरखाली करता येतं.

आता बहुतेकांचं काय चुकतं ते. तंगूस पट्टीपासून नटपर्यंत तिरकी असते. मोजायची आहे ती उभी खोली, तिरका दोरा नव्हे. ३४.३ सेंटिमीटरच्या खोलीला दोरा प्रत्येक बाजूला जवळजवळ ३४.८ लागतो. दोराच ३४.३ मोजला तर पहिला लंबक ५ मिलिमीटरने आखूड होतो, आणि शेवटचा जवळजवळ ९ मिलिमीटरने. सगळे सारखेच चुकले असते तर लाट निदान दिसली असती. इथे प्रत्येक जण वेगळ्या मापाने चुकतो आणि नुसती खिचडी होते. शिवाय माप नटच्या मध्यापर्यंत घ्यायचं, तंगूस जिथे टेकते तिथपर्यंत नाही. शेवटच्या लंबकात १ मिलिमीटरची चूक मिनिटाभरात झोक्याचा साधारण सातवा हिस्सा खाते, आणि ती डोळ्यांना दिसते.

फूटपट्टीने जमवलं की मोजून तपासायचं. एक जण मोबाइलवर ६० सेकंद लावतो, दुसरा झोके मोजतो. आणि इथे घरोघरी तोच प्रकार. नट सोडताना मूल "एक" म्हणतं. मग ५१ झोक्यांचा लंबक ५२ दाखवतो, बाबा लगेच क्लिप सैल करून दोरा वाढवतात, आणि बरोबर असलेला लंबक बिघडतो. सोडताना "शून्य" म्हणायचं, परत आपल्या बाजूला आला की "एक". टेबलावरच्या कागदावर आम्ही हे एकच वाक्य मोठ्या अक्षरांत छापतो, बाकी सूचना कोणी वाचत नाही.

सगळे एकदम सोडायला लांब फळी लागते. फळीने पंधराही नट एका बाजूला थोडेसेच ओढायचे, १० अंशांच्या आत, आणि फळी झटकन खाली काढायची. जास्त ओढलं तर झोक्याला लागणारा वेळ वाढतो. ३० अंशांवर तो पावणेदोन टक्क्यांच्या जवळपास वाढतो, म्हणजे केलेली सगळी मोजणी पाण्यात.

मोठ्यांच्या हातांचा बंदोबस्त हा वेगळाच विषय आहे. प्रयोग मुलांसाठी आहे हे प्रवेशद्वारापाशी सगळ्यांना मान्य असतं, टेबलाशी बसल्यावर पाच मिनिटांत कात्री बाबांच्या हातात जाते. "मोठ्यांनी हात लावू नये" असं सांगून उपयोग होत नाही, मग ते मोबाइल काढतात. काम वाटून द्यावं: मोठ्यांनी चौकट धरायची आणि वेळ सांगायची, फूटपट्टी वाचणं, क्लिप लावणं, मोजणं मुलाचं. आजी-आजोबांना हे पटकन जमतं. मार्चमध्ये रंग बदलणारे हळदीचे कागद करताना तर आज्याच शिकवतात, कारण हळद आणि चुन्यापासून कुंकू होतं हे त्यांना ठाऊक असतं. त्या प्रयोगात एकच खबरदारी: खाण्याच्या सोड्याने हळदीचा रंग जेमतेम बदलतो आणि मुलं हिरमुसतात. साबणाचं पाणी किंवा धुण्याचा सोडा घ्यावा, लालभडक रंग येतो. चुना मात्र टेबलावर ठेवू नये, तो डोळ्यात गेला तर भारी पडतं.

फेब्रुवारीत २८ तारखेचा विज्ञान दिन, रामन परिणामाच्या १९२८ सालच्या शोधाचा दिवस. त्या सुमारास पुण्यातली बरीच मंडळी नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी केंद्राच्या रेडिओ दुर्बिणी बघायला जातात. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. तिकडून आलेल्या मुलांना तबकडी हातात द्यायची असेल तर भंगारातल्या दोन डीटीएच तबकड्या पुरतात. १५ मीटर अंतरावर समोरासमोर लावायच्या, एकीपाशी कुजबुजायचं, दुसरीपाशी कान. कान कुठे ठेवायचा? जिथे मूळचा पांढरा डबा आडव्या दांडीवर बसवलेला असतो तिथे, तबकडीच्या मध्यासमोर नाही. या तबकड्यांची नाभी, म्हणजे परतलेल्या लहरी जिथे एकवटतात ती जागा, एका बाजूला असते. त्यामुळे तबकडी सरळ उभी केली तर ती प्रत्यक्षात २०-२५ अंश वर, आकाशाकडे बघत असते आणि कुजबुज समोरच्याच्या डोक्यावरून जाते. ती पुढे, जमिनीकडे, तेवढीच झुकवावी लागते. बघायला वेडंवाकडं वाटतं, पण ऐकू येतं. कुजबुजच का? तबकडी ६० सेंटिमीटरची. बाबांच्या खर्जातल्या आवाजाची लहर तिच्याहून मोठी असते, तिला ही तबकडी दिसतच नाही म्हणा ना. "स", "श" यांचे बारीक आवाज नेमके पोचतात. खोडदची तबकडी जाळीची असूनही चालते, मग इथे जाळीची का चालत नाही, हा प्रश्न हमखास येतो. रेडिओलहरींना धातूची बारीक जाळी पुरते, आवाज जाळीतून निघून जातो.

मे महिन्यात सुट्ट्यांमुळे गर्दी कमी, पण आकाश मोकळं. पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे १३-१४ मेच्या सुमारास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. घड्याळात तेव्हा १२ वाजून ३१ मिनिटं झालेली असतात, कारण आपली वेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला. रविवार नेमका त्या तारखेला येत नाही याची काळजी करू नये. त्या दिवसांत सूर्य रोज साधारण पाव अंशच सरकतो, ३० सेंटिमीटरच्या पाइपची सावली एका दिवसाच्या फरकाने जेमतेम सव्वा मिलिमीटर पडते.

काळजी करायची ती गच्चीची. गच्चीला पाणी जाण्यासाठी उतार असतो, आणि पाइप गुण्याने फरशीशी काटकोनात लावला तर तोही उताराइतका कलतो. एक अंश कल असला तरी ३० सेंटिमीटरच्या पाइपाला ५ मिलिमीटर सावली राहते, आणि "कुठे गेली सावली?" म्हणणारे जमतात. पाइप ओळंब्याने लावावा, फरशी कशी का असेना. पाऊण इंची पोकळ पाइप असेल तर आणखी बरं: नेमक्या वेळी आतून सरळ ऊन उतरतं आणि खाली कागदावर पूर्ण गोल उजेड पडतो. चार मिनिटांनी तोच गोल कडेने चेपलेला असतो. १२ वाजल्यापासून दर ५ मिनिटांनी सावलीच्या टोकावर पेन्सिलची खूण करायला लावावी, नाहीतर १२ वाजून ३१ मिनिटं होईपर्यंत मुलं सावलीत जाऊन बसतात. टोप्या, पाणी, आणि सूर्याकडे वर बघायचं नाही ही ताकीद. जुलैच्या २९-३० तारखेला हाच योग पुन्हा येतो, पण तेव्हा ढग. त्या दिवसाच्या भरवशावर कोणाला बोलावू नये.

कायमच्या उपकरणांत सगळ्यात जास्त दुरुस्ती तांब्याच्या नळीला लागते. एक मीटरची उभी नळी, तिच्यातून लोखंडी गोळी सोडली तर अर्ध्या सेकंदाच्या आत खाली, आणि निओडायमियम चुंबक सोडला तर रेंगाळत, डुलत उतरतो. नळी एसी दुरुस्तीवाल्यांकडे मिळते. भिंत जितकी जाड आणि चुंबक भोकात जितका घट्ट, तितका तो सावकाश येतो. खाली स्पंज हवाच. हे चुंबक ठिसूळ असतात, फरशीवर पडले की कपचा उडतात. आणि चुंबक कधीही सुटा ठेवायचा नाही. दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या दोन वळणांना मधे धरून एकमेकांना चिकटतात, आणि शस्त्रक्रियेवर निभावतं. आमच्याकडे तो मोठ्या लाकडी मण्यात बसवून वरून इपॉक्सीने बंद केलेला आहे, नळीही त्या मापाची घेतली आहे. मण्यामुळे वेग थोडा वाढतो, तेवढं चालेल.

रंगीत तालमीबद्दल थोडं. प्रयोग रविवारी लावण्याआधी आदल्या आठवड्यात एखाद्या अशा कुटुंबाकडून करून घ्यावा ज्यांना त्यातलं काही माहीत नाही, आणि आपण तोंड मिटून बसावं. स्वयंसेवकांच्या मुलांवर तालीम करण्यात अर्थ नाही, त्यांना उत्तर पाठ असतं. सामानाची पाकिटं कुटुंबागणिक एक, वर दहात एक जादा. एका टेबलाशी चार कुटुंबं, त्याहून जास्त बसली की मागच्यांना दिसत नाही. कात्र्या पाकिटात घालू नयेत, टेबलाला दोन, दोरीने बांधलेल्या. एलईडी, बटणाचे सेल वगैरे तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून आणायचे तर सेल मोजून द्यावेत आणि मोजून घ्यावेत. गिळले तर चुंबकाइतकेच वाईट.

सोमवारी केंद्र बंद असतं. साबणाचा ट्रे गरम पाण्याने धुवावा लागतो, नाहीतर ग्वारगम दोन दिवसांत आंबतो. लंबकांच्या क्लिपा सैल होतात, त्या पुन्हा मोजून घट्ट करायच्या. आरशांना कोरडं फडकं लावायचं नाही, चरे पडतात. ओल्या मऊ कापडाने एकाच दिशेने पुसायचे. नळीचा स्पंज बदलायचा. आणि कपाटाच्या दारावर पुढच्या महिन्याची यादी लावायची, त्यात सगळ्यात वर तेच सामान लिहायचं जे दुकानात मागवून आणावं लागतं.